तलावातला गोळा तोफेचाच असतो का?

उन्हाळ्यात तलावांचा गाळ निघाला, नागपूरजवळच्या कन्हान नदीचं पात्र उघडं पडलं की हमखास विचारणा होते: "लोखंडी गोळा सापडलाय. नागपूरकर भोसल्यांच्या तोफेचा असेल ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. असूही शकतो, 1817 साली नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रजांची लढाई झालीच आहे. पण गंजावरून वय काढू नका. पाण्यात हवा किती, गाळ कसला, यावर गंज ठरतो. वीस वर्षांचं लोखंडही दोनशे वर्षांचं वाटतं.

आधी गोळा न हलवता छिद्र किंवा बुजवलेलं भोक दिसतं का बघा. दिसलं तर हात लावू नका, 112 ला फोन करा. पोकळ गोळ्यात स्फोटक दारू शिल्लक असू शकते.

भरीव असेल तर वजन करा आणि कॅलिपरने तीन दिशांनी व्यास मोजा. सहा पौंडी तोफगोळा साधारण 2.7 किलोचा, 9 सेंटिमीटरचा. गंजाने थोडं इकडेतिकडे होतं. वजन 7.26 किलोच्या आसपास भरलं तर तो बहुधा गोळाफेकीचा, पुरुषांच्या स्पर्धेतला. तिन्ही व्यास वेगळे आले, एखादी बाजू घासून चपटी झालेली दिसली, तर बॉल मिलमधला, म्हणजे लोखंडी गोळ्यांनी सिमेंट नाहीतर कोळसा दळणाऱ्या गिरणीतला समजा. साच्याची शिवण हा पुरावा नव्हे, मिलचे काही गोळेही ओतीवच असतात. तारेचा ब्रश मात्र मारू नका. खुणा गंजासोबतच निघून जातात.

नाण्यांचंही तसंच. रामदरबार आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818, वन आना' असं छापलेलं पितळी 'नाणं' कंपनीने कधी पाडलंच नाही. एक आण्याचं निकेलचं नाणं आलं 1907 मध्ये, तेव्हा कंपनीचं राज्य जाऊन अर्धं शतक होत आलं होतं. 'चमत्कारी आहे, तांदूळ स्वतःकडे ओढतं' म्हणून ते लाखांत विकणारे सरळ गंडा घालतात.

मूर्तींचं वेगळं. मूर्ती खरोखर जुनी असू शकते, चुकतो तो तर्क. खंडित मूर्ती आपल्याकडे पाण्यात सोडतात, त्यामुळे ती सापडली म्हणजे तळाशी देऊळ बुडालंय असं होत नाही. ग्रीसमध्ये झाकिंथॉस बेटाजवळ तर पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना खांबांच्या बैठका आणि फरसबंदी दिसली होती. 2016 च्या अभ्यासात तो मिथेनवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे दगड झालेला गाळ निघाला.

लाकूड मिळालं तर ओलंच ठेवा, उन्हात तडकतं. वस्तू कुठे, किती खोल, कुठल्या थरात होती ते जागेवरच लिहा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. आणि 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. दहाच रुपये, रक्कम तेव्हाची आहे.