मागच्या डिस्क आणि आमचं गॅरेज

सुरुवातीला आमच्याकडे मिळेल ते काम व्हायचं, क्लच असो, सर्व्हिसिंग असो, कुणाला नाही म्हणायची सोयच नव्हती. जुन्या स्पोर्ट्स कार आल्या त्या माझ्या पार्टनरमुळे, त्याला पहिल्यापासून त्यांचं वेड, आणि मग एकाच्या ओळखीने दुसरा असं करत गिऱ्हाईक जमलं. आज लोक लांबून गाडी घेऊन येतात ते मात्र मुख्यतः मागच्या ब्रेकसाठी.

पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि त्यांना दाबणारे पॅड बहुतेक गॅरेजवाले नीट बदलतात. मागे हँडब्रेक असतो, डिफ म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा असतो, आणि जुन्या गाड्यांत प्रत्येक कंपनीने स्वतःचं डोकं चालवलेलं. जग्वार ई-टाइप घ्या, गाडी आली १९६१ मध्ये, तिच्या मागच्या डिस्क चाकापाशी नाहीतच, आत डिफच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यामुळे चाकाकडचं वजन कमी होतं हे खरंय, पण डिफचं सील गळलं की ऑइल थेट डिस्कवर आणि पॅड वाया. गाडीखाली झोपून हे काम करणारे आहेत, आम्ही अख्खा केज, म्हणजे डिफ आणि ब्रेक धरणारा सांगाडा, खाली उतरवतो कारण सील, पाइप, हँडब्रेकचे वेगळे छोटे पॅड हे सगळं समोर ठेवून बघता येतं. डिस्क आणि हाफशाफ्टच्या (डिफकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) मधल्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, डाव्या त्या डाव्या पिशवीत, उजव्या त्या उजव्या, चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, त्यांच्यावरच असतो.

पण आमचं नाव झालं ते कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारमुळे. १९६५ पासून तिला चारही चाकांना डिस्क आल्या आणि तेच डिझाइन १९८२ पर्यंत चाललं. गाड्या यायच्या त्या एकच तक्रार घेऊन, डिस्क नवीन, पॅड नवीन, पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपरसुद्धा नवीन, तरी पेडल स्पंजी. ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढली की काही दिवस बरं, की परत तेच. आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब कुठे गळलेला दिसत नाही!

गोम अशी की कंपनीतून मागची डिस्क स्पिंडलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या दांड्याला, रिव्हेट मारून यायची. ते रिव्हेट ड्रिल करून काढायचे आणि नवी डिस्क नुसती बोल्टवर चढवून द्यायची असं सर्रास चालतं. मग डिस्क फिरताना केसभर डोलते, प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर होतात, आणि त्या कॅलिपरचं जुन्या पद्धतीचं लिप सील (पिस्टनभोवतीची ओठासारख्या कडेची रबरी रिंग) ऑइल आत धरून ठेवतं पण हवा आत खेचतं. म्हणजे नुसती हवा काढत बसून काही होणार नाही, डोलणं थांबवायला हवं.

हे कळल्यावर आम्ही ठरवलं, डायल गेज, म्हणजे केसभर हालचालही काट्यावर दाखवणारं मापयंत्र, लावल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. आधी बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा, तो जास्त असेल तर डिस्कचं रीडिंग घेण्यात अर्थच नाही. स्पिंडलचा फ्लँज, म्हणजे डिस्क टेकते ती सपाट बाजू, गंज घासून स्वच्छ, डिस्क चाकाच्या नटांनी घट्ट दाबून धरायची, गेजचा स्टँड ट्रेलिंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हातावर), आणि हळू फिरवत काटा बघायचा. पाच थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला की डिस्कखाली पातळ शिम टाकायची, परत मोजायचं. कधी कधी एका बाजूलाच दुपार जाते. तेवढ्या वेळात दुसरीकडे अख्खी गाडी होते, काही गिऱ्हाइकं चिडायची, निघूनही गेली. जी थांबली त्यांना आम्ही गेजचा काटा समोर फिरवून दाखवला, आणि तीच मग दुसऱ्यांना घेऊन आली.

बाकी नियम साधे. डिस्क-पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच. रबरी होज जुना असेल तर बदलायचाच, तो आतून फुगला की पेडल सोडलं तरी पॅड डिस्कला धरून राहतात. त्या कॉर्व्हेटच्या मागच्या कॅलिपरला हवा काढायचे दोन निपल असतात, आतला आणि बाहेरचा, आतला विसरला तर कितीही पंप करा, पेडल येत नाही. पॅड आम्ही स्वतः रस्त्यावर बसवून देतो, मध्यम स्पीडवरून परत परत गाडी हळू करायची, गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही.

नवीन मुलगा कामाला आला की त्याच्या हातात पान्ह्याच्या आधी डायल गेज देतो. आता दुसरे गॅरेजवाले नुसतं स्पिंडल आणि डिस्क काढून आमच्याकडे पाठवतात, म्हणून ते मोजायला बेंचवर वेगळा फिक्स्चर केलाय. पुढे डिस्क स्पिंडलवर बसवलेली असतानाच फेस मारता येईल, म्हणजे तिची बाजू घासून सपाट करता येईल, असं लेथ घ्यायचंय, पार्टनर सध्या त्याच्याच मागे आहे.