तापीकाठची सपाट वाट

आज पहाटे भुसावळहून निघून तापीकाठच्या शिवाररस्त्यांवर माउंटन बाइकने २२ किलोमीटर निवांत फिरलो. मागच्या डिसेंबरात दापोलीजवळच्या मुरूड किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून अशीच चढाविना सायकल चालवली होती. तिथे दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नव्हता आणि खाऱ्या पाण्याने साखळीला दोनच दिवसांत तांबूस गंज धरला होता. आपल्याकडची वाट तितकीच सपाट आहे, हवा मात्र कोरडी आहे आणि वैरी आहे तो बाभळीचा काटा.

केळीच्या बागेच्या वळणावर मागचे चाक बसले. मऊ मातीसाठी हवा मी मुद्दाम कमी ठेवली होती, तरीही टायरवरच्या दोन रबरी उंचवट्यांच्या मधोमध बोटाच्या पेरभर लांबीचा पांढरट काटा सरळ आत शिरला होता. ट्यूब बदलेपर्यंत ठिबकच्या नळ्या तपासणारे एक काका शेजारी उकिडवे बसून राहिले आणि एवढ्या महागड्या सायकलला स्टँड का नाही, असे त्यांनी गंभीरपणे विचारले. मला पटेल असे उत्तर सुचले नाही.

पुढे नदीचे पात्र दिसले. हीच तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते. आम्हा खानदेशवाल्यांचे किनाऱ्याशी नाते तेवढेच. परतताना ऊन चढले होते.