मेलसाठी वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर उघडलेलं दिसलं की कोणीतरी हमखास विचारतं, "हे अजून चालतं? ब्राउझरमध्ये मेल उघडला की झालं की!" एरवी मी हसून विषय बदलते. पण तुम्ही दोनदा विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

चालतं, आणि चांगलं चालतं. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. गंमत म्हणजे त्याच वर्षी १ एप्रिलला जीमेलने एक जीबी जागा देऊ केली आणि बऱ्याच जणांना ती थट्टाच वाटली. तोवर फुकटच्या खात्याला मोजून दोन-चार एमबी मिळायचे, त्यामुळे मेल आपल्या मशीनवर उतरवून घेणं ही गरजच होती. आता जागेचा प्रश्न नाही. तरी मी उतरवून घेते, कारण एकाच जागी प्रत ठेवल्याचा एकदा चांगलाच चटका बसलाय. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हा मी पॉप वापरायचे, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत. पॉपचा साधा हिशेब असा, की पेटीतली पत्रं काढायची, घरी आणायची, पेटी रिकामी. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असा एक चौकोन सेटिंगमध्ये असतो, त्यावर मी टिक केलेली नव्हती. चार वर्षांचा सगळा पत्रव्यवहार एकाच हार्ड डिस्कवर. एका सकाळी ती टक-टक करायला लागली आणि दुपारपर्यंत गप्प झाली. वेबवर लॉगिन केलं तर इनबॉक्समध्ये तीन मेल. पुढे थोडंफार परत मिळालं ते लोकांकडून. उत्तर देताना खालचा जुना मजकूर कोणी पुसत नाही, त्यात माझीच पत्रं मला सापडली. या सवयीला मी पूर्वी नावं ठेवायचे.

मग आयमॅप या दुसऱ्या पद्धतीवर आले. मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली याची आखणी केली. यात पत्रं पेटीतच राहतात आणि फोन, लॅपटॉप, ऑफिसचं मशीन सगळीकडे तेच दिसतं. पण 'सगळीकडे तेच' ही दुधारी सुरी आहे, कारण फोनवर अंगठा चुकून पुसलं की सगळीकडूनच पुसलं. आयमॅप म्हणजे बॅकअप अशी समजूत असेल तर आजच सोडा. मी वर्ष संपलं की त्या वर्षाचे मेल ओढून 'लोकल फोल्डर'मध्ये टाकते आणि त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवते.

ही लोकल फाइल एमबॉक्स नावाच्या जुन्या पद्धतीची असते. साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही ती उघडते. एकाखाली एक पत्रं, आणि प्रत्येकाची सुरुवात 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द व एक मोकळी जागा यांनी. मग पत्राच्याच मजकुरात एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली तर? सॉफ्टवेअर तिथे नवं पत्र समजेल, म्हणून त्या ओळीआधी 'पेक्षा मोठे'चं चिन्ह चिकटवतात. जुन्या मेलमध्ये ते बिनकामाचं चिन्ह कुठून येतं, हे कोडं मला कितीतरी दिवस सुटलं नव्हतं. अशी फाइल उद्या थंडरबर्ड बंद पडलं तरी वाचता येईल. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

कॅलेंडरचंही तसंच. मीटिंगचं आमंत्रण म्हणून येणारी आयसीएस फाइल एकदा एडिटरमध्ये उघडून बघा. तारीख सलग आठ आकड्यांत, मग टी, मग वेळ सहा आकड्यांत आणि शेवटी बहुतेकदा झेड. झेड म्हणजे ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली. झेड नाही आणि टाइम झोनचं नावही नाही, तर वेळ 'तरंगती', म्हणजे फाइल जिथे उघडाल तिथली. अशाच एका तरंगत्या आमंत्रणावर, बोलावणाऱ्यांच्या दहाच्या मीटिंगला मी माझ्या दहाला जाऊन बसले होते. कॉलमध्ये मी एकटी आणि माझाच चेहरा.

संस्थेसाठी मात्र माझं उत्तर थोडं वेगळं आहे. तिथे भांडण मेलवरून होत नाही, पत्ते आणि कॅलेंडर यांवरून होतं. एकजण नोकरी सोडतो आणि ग्राहकांचे नंबर त्याच्या फोनमध्ये, ठरलेल्या भेटी त्याच्या खाजगी कॅलेंडरमध्ये. म्हणून लहान ऑफिसला मी आधी विचारते, की तुमचा सर्व्हर कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह बोलतो का? म्हणजे सर्व्हरवरचं कॅलेंडर आणि पत्ते वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसावेत यासाठीची प्रमाणं. पहिलं, कॅलेंडरचं, २००७ चं; दुसरं, पत्त्यांचं, २०११ चं. हे असेल तर प्रत्येकाने आपल्या आवडीचं सॉफ्टवेअर वापरावं, यादी सगळ्यांची एकच राहते. आणि चौकशीचा मेल-पत्ता व्यक्तीच्या नावाने नको, कामाच्या नावाने हवा. एवढं केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

कुरबुरी आहेतच. वेबमेलचा शोध माझ्या थंडरबर्डपेक्षा सरस आहे, हे मान्य. पासवर्ड बदलला की चार ठिकाणी पुन्हा लॉगिन, तेही आलं. ब्राउझरमधून मेल मीही उघडते, दुसऱ्याच्या मशीनवर असले की. नंतर आठवणीने लॉगआउट करते.