साडेतीन हजाराचा एअर फिल्टर आणि चंदनापुरी घाट

मागच्या कांद्याच्या सीझनला मी गाडीला कंपनीचा सोडून बाहेरचा एअर फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळतो तो) बसवला, तो धुऊन परत वापरायचा असतो ना, लाल कापडाचा, तो. तेव्हापासून दोन-तीन ड्रायव्हर मित्र विचारतायत की कसाय, घेऊ का, आणि दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

गाडी म्हणजे २०२१ ची बीएस६ पिकअप, अडीच लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक). गाव संगमनेरच्या बाजूला. आठवड्याला दोन-तीन खेपा पुण्याला, कांदा नाहीतर टोमॅटो, आणि मधल्या दिवसांत गावातलंच भाडं, खडी, क्रश सँड, कडबा, भुसा, जे मिळेल ते. आमच्या पांदीच्या रस्त्याला पुढं ट्रॅक्टर असला की भर दुपारी लाइट लावून चालावं लागतं एवढा फुफाटा. त्यात भुशाची खेप केली की तो बारीक भुसा कुठं कुठं जाऊन बसतो ते विचारू नका, एसीच्या जाळीत, सीटखाली, डब्यातल्या भाकरीत पण.

तर फिल्टर दर थोड्या दिवसांनी चोक व्हायचा. मिस्त्रीकडं गेलं की तो काढून कंप्रेसरची हवा मारायचा आणि परत घालायचा. या भानगडीला कंटाळलो होतो. तेवढ्यात एका स्पेअर पार्टच्या दुकानात तो लाल फिल्टर दिसला. दुकानदार म्हणाला, "दादा, एकदा टाकला की विषय संपला. धुवा न वापरा. पिकअप वाढतो, ॲव्हरेज दोनने तरी वाढतं." साडेतीन हजार. कंपनीचा कागदी सहाशेला बसतो. मी मनात हिशोब केला, सहा कागदी फिल्टरचे पैसे, म्हणजे दोनेक वर्षांत सुटतात. घेतला.

बसवायला काय अवघड नाही, घरीच बसवला. बोनेट उघडलं, डब्याच्या तीन क्लिपा काढल्या, झाकण ओढलं, जुना फिल्टर बाहेर. आत लिंबाची दोन पानं, एक वाळलेला पतंग आणि चहाचा कप भरेल एवढी माती. डबा आतून ओल्या फडक्यानं पुसायचा, हवा अजिबात मारायची नाही, नाहीतर सगळी माती पुढं टर्बोकडं जाते. हे मला माहीत होतं. नवीन फिल्टर घातला, झाकण लावलं, आणि तिथंच एक गोष्ट खटकली होती खरं तर. जुन्या फिल्टरला झाकण दाबून क्लिप लावावी लागायची, अंगठा दुखायचा. नवीनला एका बोटानं टक करून बसली. मी म्हटलं, वा, काय फिटिंग आहे!

पहिल्या दिवशी गाडी एकदम भारी वाटली. टर्बोची शिट्टी जास्त ऐकू यायला लागली, आणि आवाज वाढला की माणसाला वाटतं ताकद वाढली. पण मी जरा चिकट माणूस आहे, आधीपासून टाकी फुल टू फुल लिहून ठेवतो. आधीचं ॲव्हरेज १२.८ होतं. बसवल्यावर चार टाक्या मोजल्या, १२.९. पॉइंट एक तर टायरच्या हवेनं पण येतो.

मग याचं कारण शोधत बसलो तेव्हा कळलं की डिझेलला हा प्रकार मुळातच फार कामाचा नाही. पेट्रोल गाडीत एक्सलेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये तसं नसतं, हवा आपली जेवढी येईल तेवढी आत येतच असते आणि ताकद ठरते ती डिझेल किती सोडलं त्यावर. एवढं डिझेल जाळायला जेवढी हवा लागते त्याच्यापेक्षा जास्तच हवा आत असते कायम. आता गाडीचा कंप्युटर डिझेल तेवढंच सोडणार असेल तर जास्तीच्या हवेचं इंजिन लोणचं घालणार का? हां, फिल्टर पूर्ण चोक असेल तर गाडी ओढत नाही, जुनी गाडी काळा धूर मारते, ते खरंय. पण चांगल्या कागदी फिल्टरच्या जागी हा घातला म्हणून ताकद वाढत नाही.

आणि दुसरी बाजू तर दुकानदार सांगतच नाही. हवा किती घेतो हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, धूळ किती अडवतो ते कुठंच नाही. आयएसओ ५०११ नावाची टेस्ट असते फिल्टरची, तिच्यात धूळ किती अडली, किती मावली, सगळं मोजतात. माझ्या खोक्यावर तिचं नाव पण नव्हतं. अडीच लिटरचं इंजिन दोन हजार आरपीएमला मिनिटाला अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बोचा दाब न धरता. तासाला दीड लाख लिटर. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा दीडशे टाक्या, दर तासाला, आणि ती पण आमच्या पांदीची हवा!

असो. महिनाभर चाललं. मग भुशाच्या खेपा झाल्या आणि मी फिल्टर धुतला, सोबत दिलेल्या लिक्विडनं, सावलीत वाळवला, आणि वरून तेल द्यायचं असतं ते दिलं. या कापडाच्या फिल्टरचं सगळं काम त्या तेलावर आहे, धूळ तेलाला चिकटते म्हणून अडते. तेल कमी पडलं तर धूळ जाणार म्हणून मी भाजीला तर्री द्यावी तसं सढळ हातानं दिलं. इथं चूक माझी, मान्य.

चौथ्या दिवशी पुण्याला कांदा घेऊन निघालो, पहाटे चंदनापुरी घाटात गाडी मेली. बंद नाही पडली, पण दमच नाही, जिथं थर्डला आरामात चढते तिथं सेकंडला पण रडत होती, आणि डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाइट. मागं ऊसाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न. घाट कसाबसा चढलो, वर बाजूला घेतली, बंद करून चालू केली, परत तेच. आळेफाट्यापर्यंत चाळीसनं गेलो. तिथं एका गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पी०१०१. म्हणजे एअर फ्लो सेन्सर, आत किती हवा जाते ते मोजणारा. त्यानं सेन्सर काढून दाखवला, आतल्या त्या बारीक पट्टीवर तेलाचा थर आणि त्याच्यावर धूळ, तळलेल्या मिरचीसारखं. सेन्सरवर थर बसला की तो हवा कमी आहे असं सांगतो, कंप्युटर म्हणतो हवा कमी तर डिझेल पण कमी, आणि गाडी घाटात रडते. सेन्सरचा वेगळा स्प्रे येतो, त्यानं साफ केला (कार्ब क्लीनर, म्हणजे कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे, मारू नका, पट्टी जाते), लाइट घालवली, पाचशे घेतले. माल पोचायला उशीर झाला तो वेगळा, त्या दिवशीचा भाव मी इथं लिहीत नाही, ब्लड प्रेशर वाढतं.

पण खरा झटका त्याच्यानंतर. तो गॅरेजवाला म्हणाला, "पाव्हणं, पाइपात बोट घालून बघा." फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडं जाणारा रबरी पाइप. ती साफ बाजू, तिथं काहीच लागायला नको. बोट फिरवलं तर तपकिरी रंग, आणि अंगठ्यानं चोळलं तर करकर. दाताखाली खडा यावा तसं झालं मला. म्हणजे महिनाभर धूळ सरळ आत. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं, त्याची पाती या धुळीनं घासतात, आणि पुढं लायनर अन् रिंगा, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी अन् पिस्टनच्या कड्या. इंजिन हळूहळू ऑइल खायला लागतं आणि कळतं तेव्हा इंजिन खोलून बोअर करायची (ती नळी घासून मोठी करायची) वेळ आलेली असते.

धूळ कापडातून आली का कडेनं, ते त्यानं तिथंच दाखवलं. फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचं बोट फिरवलं, डब्यात बसवला, क्लिपा लावल्या, परत काढला. डब्याला ग्रीसचा गोल पूर्ण उमटायला पाहिजे. माझ्याला वरच्या बाजूला चार बोटं जागा कोरी. रबर पातळ होतं. ती एका बोटानं बसलेली क्लिप आठवली मला. आता कुठलाही फिल्टर घातला, कंपनीचा का असेना, मी हा ग्रीसचा गोल बघतोच.

घरी येऊन सहाशेचा कागदी टाकला. आणि हवा मारणं बंद केलं, कारण नंतर आमच्या मिस्त्रीनं हवा मारलेला एक जुना कागदी फिल्टर रात्री आतून मोबाइलची टॉर्च लावून बघितला तर सुईच्या टोकाएवढ्या तीन चांदण्या दिसल्या. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचं प्रेशर कागद सहन करत नाही. शिवाय कागदावर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो, त्यामुळं मळका दिसला की लगेच झटकायची घाई नको. मारायचीच तर आतून बाहेर, हलकी. मी सरळ बदलतो.

एक मित्र आहे, त्याच्या कारला असलाच फिल्टर आहे, पुणे-मुंबई डांबरी रोडवर चालते, त्याला काही त्रास नाही. त्याचं खोटं नाही. पण त्याच्या गाडीनं भुसा बघितलेला नाही.

आबांना सगळं सांगितलं तर ते हसायला लागले. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर आहे, खाली वाटीत इंजिन ऑइल, हवा त्याच्यावरून जाते, माती तळाला बसते, वाटी धुवायची, नवीन ऑइल भरायचं. "तेलात धूळ चिकटवायला साडेतीन हजार दिले व्हय," म्हणाले. लाल फिल्टर आता शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. परवा ते टेप घेऊन त्याचं माप घेत होते, म्हटलं काय करताय, तर म्हणाले मधमाश्यांच्या धुराड्याला जाळी होईल का बघतोय.