पाचशे पॉइंटांची वसई

ठाणे, शनिवार, रात्री साडेअकरा

आज गारदी, म्हणजे कवायती बंदूकधारी पायदळ, यादीतून काढले. छोट्या प्रतिकृती आणि फासे घेऊन जुन्या लढाया टेबलावर खेळायच्या, हा आमचा खेळ. गेला महिनाभर मी जी आर्मी लिस्ट, म्हणजे पाचशे पॉइंटांत कोणत्या तुकड्या घ्यायच्या याची यादी, लिहीत आणि खोडत आले आहे, तिच्यातील सर्वांत भक्कम दोन युनिटे, म्हणजे तुकड्या, तीच होती. आमच्या नियमांप्रमाणे त्यांचा गोळीबार इतर मराठा पायदळापेक्षा पुष्कळ भारी पडतो आणि मनोधैर्याचा फासा वाईट पडला तरी ती सहसा मोडत नाहीत. परंतु माझी फौज १७३९ च्या वसईच्या वेढ्याची, चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हाची आहे, आणि कवायती गारदी पेशव्यांच्या सैन्यात ठळकपणे दिसू लागतात ते १७५० नंतर. इब्राहिमखानाचे गारदी पानिपतावर उभे राहिले, तेव्हा चिमाजी आप्पांना जाऊन वीस वर्षे झाली होती. एकदा वर्ष ठरवले की त्या वर्षात जे नव्हते ते टेबलावर येता कामा नये, असे मला मनापासून वाटते. नाहीतर ती नुसती मराठी नावे दिलेली कोणतीही फौज होईल.

ऐरोलीच्या ज्या मित्राशी पुढच्या रविवारी डाव आहे, त्याला संध्याकाळी फोनवर हे सांगितले. तो म्हणाला, “ताई, गारदी काढू नका. माझ्या पोर्तुगीज बंदुकांपुढे तुमचे हशम दोन फेऱ्यांत पळतील.” हशम म्हणजे साधे मराठा पायदळ. त्याचे गणित चुकीचे नाही. तरीही मी यादी बदलली नाही.

वसईच का, याचे उत्तर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या तटांच्या आत आहे, तो पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी तो घेतला, तेव्हा त्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते. साष्टीची मोहीम इथून सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईला संपली. लहानपणापासून पाहिलेल्या भिंतीचा पुढचा भाग आपल्या हाताने टेबलावर मांडावा, ही इच्छा जुनी आहे.

गारद्यांपेक्षा अवघड गेले ते घोडदळ. मराठा फौज म्हटले की शिलेदार आणि बारगीर डोळ्यांसमोर येतात, आणि माझ्या पहिल्या यादीत पाचशेपैकी अडीचशे पॉइंट, म्हणजे पाच युनिटे, घोड्यांवरच होती. पालखेडसारख्या घोडदळाच्या मोहिमेची यादी असती तर तेवढीही कमी पडली असती. पण तटासमोर घोड्याने करायचे काय? वसईला उत्तरेच्या बाजूने वाळूत मोर्चे खणत पुढे सरकावे लागले, तोफा चढवाव्या लागल्या आणि शेवटी बुरुजाखाली सुरुंग लावावे लागले. ही लढाई कुदळीची आणि फावड्याची आहे. म्हणून घोडदळ दोन युनिटांवर आणले, आणि शंभर पॉइंट तिथे, एकशेसाठ हशमांच्या चार युनिटांवर, एकशेवीस तीन तोफांवर, तीस सेनापतीवर आणि चाळीस बेलदारांच्या, म्हणजे मोर्चे आणि सुरुंग खणणाऱ्यांच्या, दोन युनिटांवर असे मांडले.

बेलदारांच्या प्रतिकृती मला विकत कुठेच मिळाल्या नाहीत. पंधरा मिलिमीटर मापाचे मुघल बंदूकधारी माझ्याकडे शिल्लक होते, त्यांतले आठ घेतले. बंदूक मनगटापाशी पात्याने कापली, मुठीतून बारीक भोक पाडले आणि जुन्या चार्जरच्या वायरीतील तांब्याची तार त्यातून ओवली. तारेचे टोक हातोडीने ठोकून चपटे केले की फावडे होते. पगडीवर पुट्टीचा पातळ वेढा देऊन तिचे मुंडासे केले. आज एक बेलदार चाचणीसाठी ब्रशने पुरा रंगवला आणि गुडघ्यापर्यंत वाळूचा रंग कोरड्या ब्रशने घासला, तेव्हा तो खरोखर खंदकातून वर आल्यासारखा दिसू लागला. चाळीस मिलिमीटरच्या बेसवर असे चारच बसतात. या फौजेला गणवेश नसल्यामुळे प्रत्येकाचा अंगरखा वेगळ्या रंगाचा ठेवणार आहे. काम वाढते, पण एकसारखी रांग इथे चुकीची दिसेल.

नियमांत बेलदारांना मारक शक्ती शून्य आहे, त्यामुळे सुरुंगाचा नियम आम्ही दोघांनी मिळून ठरवला. बेलदारांचे युनिट ज्या फेरीत गोळीबारातून वाचेल, त्या फेरीअखेर त्याच्याजवळ एक खूण ठेवायची. चार खुणा झाल्या की फासा टाकायचा. चार किंवा अधिक पडले तर सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार, आणि एक पडला तर सुरुंग आपल्याच मोर्च्यावर उलटेल. यामुळे हशमांना आणि तोफांना खरे काम मिळते: बेलदारांवरची नजर आणि गोळ्या आपल्या अंगावर ओढून घेणे. खिंडारामागचे लक्ष्य म्हणून मी एक पितळी घुंगरू ठेवणार आहे. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा या मोहिमेनंतर देशावरच्या देवळांत गेल्या, त्यांपैकी नाशिकच्या नारोशंकराची घंटा मी पाहिलेली आहे.

पन्नास पॉइंट उरले होते आणि त्यांत घोडदळाचे तिसरे युनिट नेमके बसत होते. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे शेवटच्या टप्प्यात वसईला होते, तेव्हा इतिहासाची हरकत नव्हती. बराच वेळ पेन्सिल तिथेच थांबली. पण इतिहास मुभा देतो म्हणून घेणे वेगळे आणि या लढाईला हवे म्हणून घेणे वेगळे. मला दुसरे हवे आहे. चाळीस पॉइंटांत हशमांचे पाचवे युनिट घेतले आणि उरलेल्या दहांत त्यांना शिड्या दिल्या. खिंडारात पहिल्यांदा शिरणारे हेच असतील आणि त्यांतले बहुतेक परत येणार नाहीत, हे ठाऊक असूनही त्यांचा निशाणदार मी सर्वांत निगुतीने रंगवणार आहे.

पाऊस थांबलेला नाही. अशा दमट हवेत स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चेहऱ्यांचे बारकावे बुजतात, म्हणून उरलेले सात बेलदार जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकणाला चिकटवून, तसेच राखाडी ठेवले आहेत. उद्या सकाळी ऊन पडले तर गच्चीवर नेईन.