डोंगरातल्या गावाने लिहिलेली राज्यघटना

जपान आधुनिक कसा झाला, याची आपण शाळेत शिकलेली गोष्ट वरून खाली येते. १८६८ मध्ये मेइजी सम्राटाच्या नावाने सत्तांतर झालं, सरंजामदारी मोडली, रेल्वे आली आणि १८८९ मध्ये सम्राटाने प्रजेला राज्यघटना ‘बहाल’ केली. टोकियोच्या पश्चिम टोकाला राहायला आल्यापासून मला या गोष्टीची दुसरी बाजू दिसू लागली आहे.

इकडची एक रेल्वेलाइन मुसाशी-इत्सुकाइची स्टेशनात संपते. तिथून फुकाझावा ओढ्याच्या काठाने डोंगरात चढत गेलं की गर्द झाडीत एका जुन्या जमीनदार घराण्याचं प्रवेशद्वार आणि जाड मातीच्या भिंतींचं कोठार उभं आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये इतिहासाचे प्राध्यापक इरोकावा दाइकिची यांनी विद्यार्थ्यांसह हे कोठार उघडलं. माडीवर एका कापडी बोचक्यात राज्यघटनेचा २०४ कलमांचा हस्तलिखित मसुदा निघाला, १८८१ च्या सुमाराचा. आणि तो सापडला त्याच वर्षी सरकार मेइजी पर्वाची शताब्दी थाटात साजरी करत होतं!

मसुदा लिहिला गावातल्या एका शाळामास्तरांनी. चिबा ताकुसाबुरो हे मूळचे उत्तरेकडच्या सेंदाई संस्थानातले. १८६८ च्या यादवी युद्धात ते कोवळ्या वयात लढले, तेही हरलेल्या बाजूने. पुढे ज्ञानाच्या शोधात भटकत ते इथे येऊन स्थिरावले आणि १८८३ मध्ये, जेमतेम तिशी ओलांडलेली असताना, क्षयाने गेले. जमीनदाराचा तरुण मुलगा फुकाझावा गोनपाची टोकियोतून नवी पुस्तकं विकत आणायचा आणि ती मास्तरांना वाचायला मोकळी असायची. रेशीम आणि कोळशाच्या व्यापारामुळे गावात पैसा होता, बाहेरच्या जगाशी संबंध होता.

पण मला सगळ्यात भिडतं ते गावाचं वादविवाद मंडळ. गोनपाचीने उतरवून ठेवलेली ६३ विषयांची यादी आजही आहे. स्त्री सम्राटपदी बसावी का? कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला राजकीय हक्क द्यावेत का? ज्या देशात स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं ते १९४६ मध्ये, तिथल्या एका डोंगराळ गावातले शेतकरी आणि व्यापारी १८८० च्या आसपास यावर भांडत होते.

मसुद्यात सम्राटाला भरपूर अधिकार आहेत, हे लपवायचं कारण नाही. तरीही ४५ वं कलम सांगतं की प्रत्येक नागरिकाने आपले हक्क आणि स्वातंत्र्य मिळवावं, त्यात कोणी आडवं येऊ नये आणि कायद्याने त्याचं रक्षण करावं. राजकीय गुन्ह्याला फाशी नाही, असंही त्यात आहे. १८८९ च्या सरकारी घटनेने हक्क दिले ते ‘कायद्याच्या मर्यादेत’, म्हणजे उद्याचा कायदा ते काढूनही घेऊ शकत होता. आणि पुढे तसंच घडलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर आलेली आजची घटना अमेरिकेने लादली, तिच्यातले हक्क परके, असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. १९४५ च्या अखेरीस घटनेचे अभ्यासक सुझुकी यासुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेइजी काळातल्या अशाच लोकमसुद्यांच्या अभ्यासातून एक मसुदा तयार केला होता, आणि घटना लिहिणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो बारकाईने वाचला होता.