सरांच्या सीटवरून

जुलैत आंबोली मागणारं गिऱ्हाईक धबधबा आणि शनिवार-रविवार मागतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या ऑफिसात त्या दिवशी आलेल्या मॅडमना मंगळवार ते शुक्रवार हवा होता. पहिला प्रश्न होता, “तुमच्या कोणत्या गाडीची डावीकडची सीट सगळ्यात उंच आहे?”

मी सेल्फ-ड्राइव्ह गाड्या भाड्याने देतो, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या. कोणी म्हटलं तर रूटही आखून देतो. मॅडम निवृत्त प्राध्यापिका, गाडी स्वतः चालवणार. शेजारच्या सीटवर त्यांचे पती, सर. सरांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, डावा हात-पाय साथ देत नाही. नान्नजच्या माळावर ते वर्षानुवर्षं माळढोकच्या गणतीला जायचे. आता तिथे माळढोकच दिसेनासा झालाय, आणि सरांना बघायचा होता तिबोटी खंड्या: चिमणीहूनही लहान, पायाला तीनच बोटं, अंगावर निळा, जांभळा, केशरी असे रंग. पहिल्या पावसाबरोबर तो कोकणातल्या ओढ्यांवर येतो आणि मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. म्हणजे पावसाळा टाळून चालणारच नव्हतं.

“ड्रायव्हर देतो की,” मी म्हटलं.

“नको. दोन तास एका जागी गाडी बंद करून बसायचंय आम्हाला. ड्रायव्हर दहाव्या मिनिटाला विचारतो, निघायचं का?”

सर गाडीतून उतरणार नव्हते, तेव्हा गाडी हेच त्यांचं लपण. आणि लपण म्हणून गाडी फार चांगली. नान्नजला पायी माणूस दिसला की काळवीट उधळतं, उभ्या गाडीकडे बघतही नाही, हे सरांनीच मला सांगितलं. आम्ही अंगणात तीन गाड्या लावल्या आणि सरांना एकेकीत बसवून पाहिलं. तिसरीत काच उतरवल्यावर रस्त्याकडेचं गटार त्यांना तळापर्यंत दिसलं. ती ठरली.

मग नकाशा काढला. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, सर डावीकडे. म्हणजे ओढा रस्त्याच्या डाव्या अंगाला असला तरच त्यांना दिसणार. सावंतवाडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावरस्त्यांवर मी एकेक ओढा बघत गेलो. उजवीकडे असेल तिथे आधी न थांबता पुढे जायचं, गाडी वळवता येईल अशी जागा गाठायची आणि परतताना थांबायचं. इतकी वर्षं रूट आखतोय, पण अंतर आणि घाट बघून. सीटची बाजू बघून मी पहिल्यांदाच रूट आखला, आणि त्या कामात माझी अख्खी दुपार गेली.

मॅडमनी मागे ज्वारीची एक कापडी पिशवी ठेवली होती. दरवाजाच्या काचेच्या कडेवर ती टाकायची आणि दुर्बीण तिच्यावर टेकवायची, म्हणजे सरांना एक हात पुरतो. मी एवढंच सुचवलं की एसी फार थंड ठेवू नका, गार दुर्बीण दमट हवेत काढली की काचेवर वाफ धरते आणि नेमका पक्षी असताना काही दिसत नाही.

बाकी माझ्या नेहमीच्या अटी. चारच्या पुढे घाटात नाही, तिथलं धुकं समोरची गाडीही दिसू देत नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी आत ओढलं जाऊन इंजिन जातं आणि साधा विमा ते भरून देत नाही. सोलापूरकरांना हे बजावावं लागतं. आपल्याकडे वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत ७,००० च्या पुढे.

एका होमस्टेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, घरट्यासमोरच बसवतो, फोटोची गॅरंटी. मी फोन सरांकडे दिला. “घरट्यापाशी नको,” सर सावकाश म्हणाले. “माणूस समोर बसला की चोचीत सरडा धरून आईबाप फांदीवर ताटकळतात. बिळात पिल्लं उपाशी.” ते बुकिंग तिथेच संपलं. सरांचं पटलं मला. त्यानंतर घरट्याची हमी देणाऱ्याकडे मी कोणालाच पाठवत नाही.

निघायच्या दिवशी पहाटे चारला मी पंचगंगेची पातळी पाहिली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. पाणी इशाऱ्याकडे सरकत होतं आणि रात्रीत राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते. ते पाणी कोल्हापुरात उतरायला काही तास लागतात, म्हणजे मंगळवेढा, सांगोला, मिरज करत हे दोघं पोचतील त्याच सुमाराला. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. मी मॅडमना फोन लावला. “कोल्हापूर सोडा. विजयपूरवरून बेळगाव, मुक्काम तिथेच. उद्या चंदगडवरून आंबोली.” लांब पडत होतं. मॅडमनी एकच विचारलं, “चारच्या आत पोचू ना?” पोचल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, तो सरांचा. आंबोलीत पहाटे शीळकरी कस्तूर ऐकला, हे आधी सांगितलं. मग खंड्या. सकाळी एका साकवाच्या अलीकडे गाडी बंद करून बसले होते. ओढा डावीकडे. बराच वेळ नुसता पाऊस. मग वाकलेल्या फांदीवर तो येऊन बसला, चोचीत छोटा खेकडा. दोनदा फांदीवर आपटला आणि दरडीच्या दिशेने गेला. “वाकावं लागलं नाही,” सर म्हणाले, “सीटवरूनच दिसला.” मागून मॅडमचा आवाज आला, “अहो, मलाही दिसला, ते सांगा की.”

साकव कुठला, ते मी विचारलं. पिल्लं उडेपर्यंत सांगणार नाही म्हणाले.